टाचणीमावशी ताळेबंद शिकते

पडदा सावकाश वर जाऊ द्या. घाई नको. या नाटकात धावत येणारं पात्र एकही नाही.

रंगमंचावर एक लांबट खोली दिसते. उजव्या हाताला उंचावर एकच खिडकी. दुपारी दोन ते चार त्या खिडकीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत उतरतो, आणि त्यात कापडाचे तंतू असे तरंगतात की पाहणाऱ्याला वाटावं, खोली कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी आहे. तिन्ही भिंतींना खुंट्या, खुंट्यांवर कपडे. राजाचा जांभळा मखमली झगा. न्यायाधीशाचा काळा डगला. सहा सैनिकांचे सहा कोट, त्यांतल्या एकाला पाठीत भोक. कारण तो सैनिक दर प्रयोगात पाठीत वार होऊन मरतो. भिकाऱ्याची लक्तरं, जी शिवायला राजाच्या झग्यापेक्षा दुप्पट वेळ लागला होता. दार उघडलं की सगळे एकदम किंचित हलतात. आपली एंट्री आली की काय, असं त्यांना वाटत असावं.

आणि पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी, शिवणयंत्रापाशी, ओठांत चार टाचण्या धरून बसलेली एक बाई. तीच आपली नायिका. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. नाट्यगृहात ती टाचणीमावशी. एकतीस वर्षं ती टाचण्यांच्या फटीतून बोलत आली. "हं" म्हणजे हो, "उंहूं" म्हणजे नाही, आणि नुसतं नाकातून निघालेलं "म्म्" म्हणजे, पोट आत घे, पुन्हा जाड झालास. मोठमोठे नट त्या "म्म्"ला घाबरत.

मावशीचा एक नियम होता. खुंटी रिकामी राहता कामा नये. नटाने कपडा उचलला की त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला त्या खुंटीवर अडकवायचा आणि वहीत सही करायची. कपडा परत आला की बिल्ला काढायचा आणि वहीत काट मारायची. खुंटीवर कपडा तरी असेल, नाहीतर बिल्ला तरी. एकदा एक पाहुणा नट, फार नावाजलेला, बिल्ला न लावता राजाचा झगा घालून विंगेत गेला. मावशी मागोमाग गेली आणि तिसरी घंटा झालेली असताना त्याला परत घेऊन आली. "राजे, आधी बिल्ला," एवढंच म्हणाली. त्या दिवशी पडदा चार मिनिटं उशिरा वर गेला, आणि एकतीस वर्षांत एक रुमालसुद्धा हरवला नाही.

तर अशा या खोलीत एका दुपारी नोटीस आली. सोबत वर्षाच्या हिशेबाचा एक कागद. सात आठवड्यांनी मंडळाची वार्षिक सभा, आणि तीत नव्या खजिनदारांचा ठराव: वेशभूषा विभाग कायमचा तोट्यात असल्याने तो बंद करावा, सर्व कपडे वजनावर विकून टाकावेत, आणि येणारी रक्कम वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत नव्या खुर्च्या बसवण्यासाठी वापरावी.

वजनावर. मावशीने तो शब्द दोनदा वाचला. राजाचा झगा किती किलो भरेल, हा विचार तिच्या मनात आला.

कागदावर तिने आपली ओळ शोधली. वेशभूषा विभाग: खर्च अमुक. उत्पन्न: शून्य. बाकी सगळे आकडे मुंग्यांसारखे चालू लागले. ती तशीच खजिनदारांकडे गेली. ते बाहेरच्या एका ऑफिसात बसत आणि नाट्यगृहात फक्त सभेपुरते येत. माणूस सज्जन, उठून खुर्ची दिली.

"साहेब, हे शून्य कसं?" मावशीने टाचण्या हातात काढून विचारलं.

"मावशी, तुमच्या कामाबद्दल ब्र काढायचा नाही मला. पण हे आकड्यांचं काम आहे. ताळेबंद बोलतो, आपण ऐकायचं."

"मला ऐकू येत नाही तो."

"ती भाषाच वेगळी असते," खजिनदार हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मावशी जिना उतरताना तेच वाक्य घोळवत उतरली. भाषा वेगळी असते. म्हणजे शिकता येत असणार.

घरी नवरा होता. बसचा निवृत्त ड्रायव्हर, सगळं आयुष्य स्टॉपांवर मोजणारा.

"अहो, हिशेब शिकायचा तर कुठे शिकतात?"

"आता? अठ्ठावन्नाव्या वर्षी? अगं, शेवटचा स्टॉप दिसायला लागल्यावर तिकीट काढतेस होय?"

"तुम्ही गाडी हाणा. मी विचारलं तेवढं सांगा."

"बाजारात मिळतं की पुस्तक. हव्या त्या गोष्टीचं मिळतं."

दुसऱ्या दिवशी मावशी पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकानदाराने एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. तीस दिवसांत हिशेबात निष्णात करण्याची हमी मुखपृष्ठावरच सोनेरी अक्षरांत. पहिल्याच पानावर व्याख्या होती, आठ ओळींची, मधे एकही पूर्णविराम नसलेली. मावशीने ती तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी तिला शिवणयंत्रावर डोकं टेकून इतकी गाढ झोप लागली की जागी झाली तेव्हा गालावर यंत्राच्या चाकाचा वण उमटला होता. तीस दिवसांपैकी चार दिवस असेच व्याख्येवर झोपण्यात गेले.

मग नवऱ्याने फोन पुढे केला. "हे बघ, यात सगळं फुकट असतं." व्हिडिओत पांढऱ्याशुभ्र दातांचा एक गृहस्थ होता. अकरा मिनिटांपैकी सात मिनिटं तो आपण किती श्रीमंत आहोत ते सांगत होता. नमनालाच घडाभर तेल! मग त्याने कुठलेसे शेअर घ्यायला सांगितले आणि हात जोडले. मावशीने दुसरा लावला, तिसरा लावला, असे सोळा लावले. एकानेही ताळेबंदाचं तोंड दाखवलं नाही. त्या दिवसापासून नवऱ्याचा फोन मात्र दिवसातून चार वेळा कर्ज हवंय का विचारू लागला.

"शिकतेस तू, आणि गिऱ्हाईक झालो मी," नवरा म्हणाला.

तिसरा प्रयत्न वर्गाचा. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पाटी होती, दीड महिन्यात हिशेबनीस, पहिला तास मोफत. मावशी मागच्या बाकावर बसली. पुढे सगळी कोवळी तोंडं. सर चटपटीत होते. "इथे आकडा टाका, हे बटण दाबा, झाला ताळेबंद तयार!" पडद्यावर खरंच ताळेबंद उमटला, जादूच्या प्रयोगासारखा. मुलांनी माना डोलावल्या.

"पण सर, तो तयार झाला कसा?" मागून आवाज आला.

"मशीन करतं ते, मावशी."

"शिवतं माझंही मशीनच. पण बाही कुठे लावायची ते मशीनला ठाऊक नसतं हो."

वर्ग हसला. सर भले होते, तेही हसले. तास संपल्यावर ते मावशीपाशी येऊन बसले. "खरं सांगू? तुम्हाला 'कसं' नकोय, 'का' हवंय. ते आमच्या फीमध्ये बसत नाही. चौकातल्या वाचनालयात जा. तिथल्या बाईंना विचारा. मीही अडलो की तिथेच जातो, कुणाला सांगू नका."

तीन आठवडे संपले होते.

वाचनालय म्हणजे एक थंड, उंच छताची खोली. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नसावं अशी शांतता. मावशीला तिथे पाऊल टाकताच आपल्या खोलीची आठवण झाली. इथेही सगळी पुस्तकं जणू खुंटीवरच होती की. फक्त उभी होती आणि पाठ फिरवून होती.

ग्रंथपालबाई चष्म्यावरून पाहत होत्या. "हिशेबाची? तिसरं कपाट. तिथली धूळ परीक्षेच्या आधी एक महिना उडते आणि निकाल लागला की परत येऊन बसते."

"चांगलं कुठलं?"

"सगळीच स्वतःला चांगलं म्हणवतात. तुम्हीच बघा, मी गंमत बघते."

कपाटात वीसबावीस पुस्तकं होती. मावशीने मुखपृष्ठाकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर नवल. जन्मभर तिने कपडा पारखला तो उलटा करून. वरून जरीकाम सगळ्यांचंच चमकतं. शिवण कशी आहे ते आतून कळतं, आणि कपडा खरंच वापरला गेलाय की नुसता टांगलेला आहे, ते कोपरावर आणि कॉलरवर कळतं. तिने एकेक पुस्तक काढून त्याची मिटलेली कड बोटाने चाचपली. पहिलं: पुढची वीस पानं हाताळून काळपट, बाकी कोरी करकरीत. दुसरं: तसंच. तिसरं: दहाच पानं काळी. म्हणजे माणसं उत्साहाने शिरत होती आणि पहिल्या अंकातच उठून जात होती.

मग तळाच्या फळीवर तिला एक बारीकसं पुस्तक सापडलं. शाळेतल्या मुलांसाठीचं जुनं पाठ्यपुस्तक. मुखपृष्ठ केव्हाच गळालेलं, त्यावर खाकी कागदाची खोळ. पण त्याची कड पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सारखी मळलेली होती. आत उदाहरणांपाशी पेन्सिलीच्या खुणा, एकाच्या नव्हेत, चारपाच हातांच्या. एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं: "जमलं!!" त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "मला पण." मावशी त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिली. कधीतरी, कुठल्यातरी दुपारी, एकमेकांना कधीही न भेटलेली ती दोन मुलं या पानावर भेटली होती.

"हे घेते. हे शेवटपर्यंत वापरलंय."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षं बसलेय इथे. पुस्तक असं निवडताना कुणाला पाहिलं नाही. करता काय आपण?"

"शिवते."

"तरीच. आता माझ्या दोन गोष्टी ऐका. नुसतं वाचू नका. वाचून पोहायला येत नाही. तुम्हाला तोंडपाठ असलेल्या वस्तूचं खातं काढा. माझ्या काकांनी मला आमच्या कोंबडीचं खातं काढायला लावलं होतं. दाणे इकडे, अंडी तिकडे. कोंबडी मेली, पण हिशेब डोक्यात राहिला."

"आणि दुसरी?"

"उत्तरं मागे छापलीत. आधी बघायची नाहीत. गणित चुकलं तरी चालेल, पण आधी स्वतःचं उत्तर लिहायचं. ज्या पुस्तकात उत्तरं नाहीत ते पुस्तक कच्चं, आणि जो आधी उत्तरं बघतो तो वाचक कच्चा."

त्या दिवसापासून खोलीतल्या दुपारी बदलल्या. दोन वाजता उन्हाचा पट्टा उतरला की मावशी शिवण बाजूला सारायची आणि खाकी पुस्तक उघडायची. पुस्तक बोलत होतं साध्या भाषेत. म्हणत होतं, प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात. काहीतरी आलं, तर काहीतरी गेलं. म्हणून प्रत्येक नोंद दोन ठिकाणी व्हायची. एक जागा सुटली की समजावं, कुठेतरी काहीतरी हरवलं.

मावशीने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. खुंटी आणि बिल्ला. बिल्ला आणि वही. ती एकटीच खुदकन हसली आणि एक टाचणी ओठांतून खाली पडली. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ही भाषा मी एकतीस वर्षं बोलतेय, आणि मला कुणी सांगितलंही नाही!"

सगळं काही इतकं सोपं नव्हतं. 'जमा' कुठे आणि 'नावे' कुठे, यात ती आठ दिवस गटांगळ्या खात होती. चुकायची, खोडायची, मग मागे उत्तर बघायची आणि कपाळावर हात मारायची. पण घसाऱ्याचा धडा आला तेव्हा मात्र ती खुशीत आली. वस्तू वापराने झिजते, आणि त्या झिजेचीही दरवर्षी नोंद करायची असते! हे कुणीतरी पुस्तकात लिहून ठेवलंय, याचं तिला फार अप्रूप वाटलं. सैनिकाच्या कोटाचं कोपर आधी जातं, न्यायाधीशाच्या डगल्याची बसायची जागा, आणि राजाचा झगा खांद्यावर झिजतो, कारण राजे खांदे फार उडवतात. तिने पानाच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं: "खरं आहे."

आणि मग तिने झग्याचं खातं काढायला घेतलं. कापड, अस्तर, सोनेरी काठ, धुलाई, दोनदा बदललेलं बक्कल. एक बाजू भरत गेली. दुसरी बाजू कोरी राहिली. त्या कोऱ्या बाजूकडे पाहता पाहता, ऊन डोळ्यांवर आलं म्हणा की कशाने म्हणा, मावशीची पापणी मिटली.

तिला दिसलं, कपडे खुंट्यांवरून खाली उतरलेत. आवाज न करता, अनवाणी. अर्धे डाव्या विंगेत उभे राहिले, अर्धे उजव्या. मधे रिकामा रंगमंच, आणि मावशी प्रॉम्प्टरच्या जागेवर, हातात खाकी पुस्तक.

"आला कोण?" मावशीने पुस्तकातून वाचलं.

"मी आलो," राजाचा झगा डावीकडून म्हणाला, आणि त्याने खांदे उडवले.

"मग गेलं काय?"

"पैसे गेले, बाई," उजवीकडून न्यायाधीशाचा डगला गंभीरपणे म्हणाला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि जागेवर बसले. कसं सुरेख चाललं होतं! तेवढ्यात पाठीत भोक असलेला सैनिकाचा कोट पुढे आला.

"मावशी, मागच्या महिन्यात मी शाळेत गेलो होतो. दोन दिवस. माझ्या आत एक काटकुळा मुलगा होता, त्याचं काळीज नुसतं धडधडत होतं. मी गेलो, ते वहीत आहे. पण माझ्या बदल्यात आलं काय?"

उजवी विंग गप्प. तिथून कुणीच पुढे येईना.

मावशी दचकून जागी झाली. ऊन खिडकीपर्यंत वर सरकलं होतं. तिने वही ओढली. शाळा, कॉलेजं, हौशी मंडळं. वर्षभरात तेहतीस वेळा कपडे भाड्याने गेले होते. भाडं मावशी घेत नसे. तिच्या खोलीत पैशाची पेटी नव्हती, आणि तिला ती नकोच होती. नेणारा माणूस तिकीटखिडकीवर पैसे भरायचा, तिथून पावती आणायचा, मावशी पावती बघून कपडे द्यायची आणि ती त्याला परत करायची. तेहतीस वेळा पैसे आले होते. आणि कागदावर उत्पन्न शून्य.

खुंटी रिकामी होती. बिल्लाही नव्हता.

तिकीटखिडकीवरच्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. मावशी आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागलेले. तो खिडकीच्या आत बसून बोटाला थुंकी लावत तिकिटं मोजत होता.

"भाऊ, माझ्या कपड्यांचे पैसे घेऊन तू करतोस काय?"

भाऊची बोटं थांबली. "खातो! काय करतो म्हणजे? पेटीत टाकतो आणि संध्याकाळी भरतो. पै न् पै."

"चोर म्हटलं का मी तुला? पावती कसली देतोस ते दाखव."

"तिकिटं देतो की. तू बघतेस ना नेहमी?"

"मी शिक्का आहे का तेवढं बघते. कसली तिकिटं?"

"बाल्कनीची." भाऊने खणातून पिवळा गठ्ठा काढला. "अगं, आधीच्या खजिनदारांनीच सांगितलं होतं. नवं पावतीपुस्तक छापायचं म्हणजे खर्च. ही तिकिटं छापून पडलेली. म्हणाले, भाड्याची रक्कम होईल तेवढी बाल्कनीची तिकिटं फाडून दे, हिशेब जुळेल. जुळतोय की."

"पण भाऊ, बाल्कनी बंद आहे ना?"

"म्हणूनच तर! चालू असती तर ही तिकिटं उरली असती का?"

मावशी तडक बाल्कनीच्या जिन्याकडे वळली. जिन्याला आडवी दोरी होती. दोरीमागे जुन्या नाटकातला रंगवलेला समुद्र गुंडाळून ठेवलेला. आठ वर्षांपूर्वी छताचा एक तुकडा पडला, तेव्हापासून वर कुणी गेलं नव्हतं. मावशी दोरीखालून वाकून गेली, समुद्र ओलांडला, आणि वर पोचली.

वर पारवे होते आणि धूळ होती. मोडक्या कौलातून ऊन सरळ खाली येत होतं, रंगमंचावरच्या दिव्याच्या झोतासारखं. मावशीने एक खुर्ची पदराने पुसली आणि ती बसली. कितीतरी वेळ बसून राहिली. आणि हळूहळू ती बाल्कनी भरू लागली. पहिल्या रांगेत तो काटकुळा सैनिक येऊन बसला, कोट गुडघ्यापर्यंत लोंबणारा. त्याच्या शेजारी नऊ वर्षांची एक राणी, मुकुट कानांवर टेकलेला. एक न्यायाधीश, ज्याला मधेच शिंक आली. भिकारी, परी, दोन वाघ, पाठ केलेलं भाषण पुन्हा पुन्हा पुटपुटणारा एक राजा. गेल्या आठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिचे कपडे अंगावर घातले होते ती सगळी पोरं आपापलं पिवळं तिकीट मुठीत धरून तिथे दाटीवाटीने बसली होती. कागदावर बाल्कनी भरलेली होती म्हणतात ना? खोटं नव्हतं ते. भरलेलीच होती.

खाली आल्यावर तिने हिशेबाचा कागद शोधला. तो सापडला अर्धाच. उरलेला अर्धा तिने, रागात म्हणा, सवयीने म्हणा, एका कॉलरच्या मापासाठी कापला होता. दोन्ही तुकडे तिने चार टाचण्यांनी जोडले. सांधा नेमका ज्या ओळीवरून गेला ती ओळ होती: बाल्कनी, तिकीटविक्री. तिने वहीतल्या तेहतीस नोंदींपुढे त्या त्या कपड्याचं ठरलेलं भाडं मांडलं आणि बेरीज केली. उत्तर आधी बघितलं नाही. स्वतःचं लिहिलं, मग टाचणीखालचा आकडा पाहिला.

तोच होता. आणि तिच्या विभागाच्या खर्चाच्या सवापट होता.

सभा रविवारी सकाळी, नटांच्या मेकपच्या खोलीत भरली. पंधरा सभासद, समोर आरसे, त्यामुळे ते तीस दिसत होते. अध्यक्षांचा नेहमीप्रमाणे डोळा लागला होता. खजिनदारांनी ठराव वाचला. "आपल्याकडे बाल्कनी एवढी उत्तम चालते. पैसा जिथून येतो तिथेच घालावा, हा साधा नियम आहे."

माना हलल्या. शेवटची ओळ सोडून तो कागद आजवर कुणी वाचलाच नव्हता.

मावशी उठली. तिने ओठांतल्या चारही टाचण्या काढल्या आणि एकेक करून पदराला टोचल्या. तिचं पूर्ण तोंड उघडलेलं यांतल्या कित्येकांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"साहेब, मला एवढंच विचारायचंय. बाल्कनीत बसतं कोण?"

"प्रेक्षक," खजिनदार म्हणाले.

"तुम्ही कधी वर गेलात?"

"माझं... येणं सभेपुरतंच असतं."

"मी गेले होते. पारवे आहेत. पारव्यांना आपण तिकीट लावतो का?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष जागे झाले. मावशीने टाचलेला कागद टेबलावर ठेवला, शेजारी आपली वही, आणि तिकिटं फाडल्यावर मागे उरलेल्या स्थळप्रतींचा भाऊने आणलेला गठ्ठा. मग ती बोलली, सावकाश, एकेक ओळ बोटाखाली धरून. काय गेलं, काय आलं, आणि आलेलं कुठे टांगलं गेलं. भाऊच्या कपाळावर घाम तरारला होता. खजिनदारांनी स्थळप्रती मोजल्या. पुन्हा मोजल्या. वहीशी ताडून पाहिल्या. एक पैसाही इकडचा तिकडे नव्हता. फक्त चुकीच्या खुंटीवर अडकवलेला होता, आठ वर्षं.

खजिनदार थोडा वेळ आरशातल्या स्वतःकडे पाहत राहिले. मग त्यांनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात घातला. "ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "वेशभूषा विभागाचं उत्पन्न वेगळं दाखवावं लागेल. आणि कृपा करून एक पावतीपुस्तक छापा."

"आणि उरलेली पिवळी तिकिटं?" भाऊने काळजीने विचारलं. "वाया जातील ती!"

त्या दुपारी, ऊन खिडकीतून नुकतंच उतरत असताना, खोलीच्या दारात कुणीतरी घुटमळलं. सगळे कपडे किंचित हलले. खजिनदार होते. ते प्रथमच या खोलीत येत होते, आणि देवळात शिरल्यासारखे वाकून आत आले. राजाच्या झग्याला त्यांनी बोट लावून पाहिलं, सैनिकाच्या पाठीतलं भोक पाहिलं. मावशी शिवत होती.

"मावशी, इतकी वर्षं मी आकडे जुळवतो. ते येतात कुठून, हे विचारायचं कधी सुटलं ते माझं मलाच कळलं नाही." त्यांनी वहीकडे पाहिलं. "तुम्ही शिकलात ते पुस्तक कुठलं? मला एकदा पहिल्या पानापासून वाचायचंय."

मावशीने खुंटीवरच्या पिशवीतून खाकी पुस्तक काढलं आणि खोळीवरचे तंतू फुंकले. पुस्तकासाठी तिने यंत्राशेजारी एक वेगळी खुंटी ठोकून घेतली होती. तिच्याकडे बोट दाखवत, ओठांतल्या टाचण्या न काढताच, ती म्हणाली:

"न्या की. पण वाचनालयाचं आहे, शुक्रवारी परत द्यायचंय. आधी वहीत सही करा, खुंटीला बिल्ला लावा, आणि मागची उत्तरं आधी बघू नका."